सांगलीचा जुना कृष्णाकाठ: गणपती मंदिर ते हरिपूर, एका दिवसात कसं बघावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. जानेवारीत मिरजेला लग्न आहे. लग्न शनिवारी, त्यामुळे रविवार अख्खा मोकळा. बरोबर नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण हौस आम्हा तिघांपेक्षा दांडगी.

मला सांगलीचा जुना नदीकाठ नीट बघायचाय. आम्ही नाशिकचे, घाटावरच वाढलेले, त्यामुळे 'रमणीय परिसर, भाविकांचे श्रद्धास्थान' छापाची माहिती नको. शोधाशोध केली तर एकीकडे गणपती मंदिराचे तेच ते फोटो आणि दुसरीकडे 2019 च्या पुराचे व्हिडिओ. मधलं काहीच सापडेना. सुरुवात कुठून करावी, चालणं किती, सासूबाईंना कुठं टेकता येईल आणि हरिपूरचा संगम त्याच दिवशी होईल का? हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांबद्दल ऐकलंय. ती अजून आहेत का?

भडंगशौकीन

सांगलीत नदीकाठ बघायला कोण येतंय ओ? नरसोबाच्या वाडीला जावा. दत्ताचं दर्शन घ्या, बासुंदी खावा, कवठाची बर्फी बांधून घ्या आणि परत. दिवस कसा गेला कळायचा नाही.

सांगलीवाडीकर

भडंगशौकीन, तुम्ही जयसिंगपूरचे दिसताय. नदी बघायला वाडीलाच जायचं असतं तर आमच्याकडं काय वाळवंट हाय का?

ताई, जानेवारीत यायलाय ते बेस्ट. पाणी निवळलेलं असतंय, घाटाच्या पायऱ्या उघड्या असतात, सकाळी पात्रावर धुकं असतंय. पावसाळ्यात आला असता तर घाट पाण्याखाली आणि बघायला काय, तर पुलावर जमलेली माणसं. मिरजेहून सांगली दहा-एक किलोमीटर, रस्ताभर वस्ती, कुठं मिरज संपली कळत पण नाही. 1998 पासून सांगली, मिरज, कुपवाड मिळून एकच महापालिका हाय. सकाळी लवकर निघा आणि गाडी गणपतीजवळच्या गल्लीबोळात घालू नका. रिक्षा करा.

वखारभाग

गोदाकाठची, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. माझी उमेद हळदीच्या पेठेत गेली, नदी रोजच्या बघण्यातली.

सांगलीचा काठ बघताना एकच गोष्ट ध्यानात धरा, ती म्हणजे उंची. कुठली वास्तू किती उंचावर आहे आणि का, एवढं बघत चाललात तर हे गाव आपोआप उलगडतं. तुमच्या नाशकात गोदावरीच्या पुराची खूण म्हणून दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावर गाव पुराचा अंदाज घेतं. आमच्याकडं तसा देव नाही, आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत.

सुरुवात गणपतीपासून करा. 1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांशी बिनसल्यावर मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही राजधानी केली. तोवर हे नदीकाठचं लहानसं गाव. वेगळं बिऱ्हाड मांडायचं म्हणजे आधी किल्ला लागतो, मग देव. किल्ला म्हणजे गणेशदुर्ग. आज तिथं गेलात तर राजवाडा आणि सरकारी कचेऱ्या दिसतील, किल्ला म्हणून ओळखू येणार नाही. देऊळ मात्र जसंच्या तसं उभं आहे. पुरं झालं 1844 साली. दगड ज्योतिबाच्या डोंगरातला, काळा कुळकुळीत. नदी इथून हाकेच्या अंतरावर आणि तरी एवढं जड देऊळ इथंच बांधायचं म्हटल्यावर जोत्याचा विचार आला. आत शिरताना महाद्वाराच्या नक्षीकडं सगळेच बघतात. तुम्ही जोतं बघा.

देवळातून बाहेर पडलात की गणपती पेठ. जुनी दुकानं सापडतील तिथं थांबा. काही दुकानांना रस्त्यावरून चढून जायला दोन-तीन पायऱ्या आहेत आणि आत पोटमाळा आहे. तो माळा नुसता जादा माल ठेवायला नाही. पाणी वाढतंय असं कळलं की खालची पोती वर जातात. नव्या दुकानांना माळा नाही, काचेचा दरवाजा रस्त्याच्या पातळीला. 2019 साली कुणाचं किती गेलं हे या एका फरकावरून बरंचसं सांगता येतं.

तिथून टिळक चौकावरून पुलाकडं. आयर्विन पूल 1929 चा, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. आता शेजारी समांतर पूल उभा राहिलाय. जुन्या पुलावर जड वाहनं सोडत नाहीत, त्यामुळे कठड्याला उभं राहून निवांत बघता येतं. खांबावरचे आकडे शोधा. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला परत 54 च्या वर. जानेवारीत पाणी खाली असतं, तेव्हा खांबाच्या बुडापासून हे आकडे नजरेनं चढत जा. 57 कुठं येतं ते कळलं की मागं वळा आणि गावाकडं बघा.

ऑगस्टात इथं कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. 'आयर्विन किती?' एवढंच. त्याच्या पाठोपाठ 'कोयनेतून किती सुटलंय?' कोयना धरण 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं. तिथून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि मग आमच्याकडं. सगळे हिशेब त्या पाण्याला इथं पोचायला किती तास लागतील याचे.

पुलाखाली उतरलात की सरकारी घाट. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी इथंच होतं, ती मिरवणूक बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. पुढं माई घाट. वसंतदादांची समाधी नदीकाठीच आहे. दादांचं नाव लोकांना साखर कारखाने आणि मुख्यमंत्रिपदामुळं माहीत असतं. पण या शहरात त्यांची पहिली गोष्ट सांगतात ती 24 जुलै 1943 ची. त्या दिवशी ते साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. ऐन पावसाळा, नदी भरलेली, पाठीवर पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी त्यात प्राण गमावले, दादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुलावर उभं राहून हे मुलाला सांगा. पुस्तकातल्यापेक्षा बरं कळेल.

हरिपूर आणि पेवांचं दुसऱ्या पोस्टीत लिहितो, बोटं दुखली.

सदाफुली

वखारभाग काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के. एक विनंती मात्र माझ्याकडून.

आमचं घर गावभागात, माहेरचं. 2019 ला पाणी आलं तेव्हा आई-बाबा माझ्याकडे विश्रामबागेत होते म्हणून वाचले. पाणी उतरल्यावर आत गेलो तर चिखल नुसता जमिनीवर नव्हता. शिलाई मशीनच्या खणातल्या रिळांच्या दोऱ्यात होता, डब्यांच्या झाकणांच्या आट्यांमध्ये होता, देवघरातल्या समईच्या नळीत होता. सुई घालून काढला. सागवानी कपाटाचं दार अजून लागत नाही, ते तसंच अर्धं उघडं असतं. बाबांनी भिंतीला रंग दिला, पण पाण्याची रेघ आली तिथं एक बोटभर पट्टा मुद्दाम सोडलाय. विम्याचे पैसे मिळवायला किती हेलपाटे घातले ते लिहीत बसत नाही.

आता होतं काय, की पूर ओसरल्यापासून गल्लीत कुणी ना कुणी येतं, 'रेघ कुठपर्यंत होती हो?' म्हणतं आणि दाराचा फोटो काढून जातं. काका सांगतात तसं उंची बघा, पण घराच्या आत मोबाईल धरण्याआधी तोंडानं विचारा. विचारलंत तर बाबा चहा पण देतील आणि दोन तास सोडणार नाहीत.

वारणाकाठ

पुराचा विषय निघालाच आहे तर मूळ कारण का लिहीत नाही कुणी? आलमट्टी, खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. 519.60 मीटरला पाणी अडवून ठेवलंय आणि आता 524 च्या वर न्यायचं म्हणतात. सांगली बुडणार नाही तर काय?

कॅल्क्युलेटर

2019 च्या पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल वाचा. सांगलीच्या पुराला आलमट्टीचा फुगवटा जबाबदार नाही असं त्यात आहे. पाणलोटात कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि पूररेषेच्या आतली बांधकामं यावर बोलायला कुणी तयार नसतं, कारण तिथं प्लॉट आपलेच असतात.

वारणाकाठ

अहवाल वाचलाय. पटलेला नाही. ऑगस्टात येऊन राहा आमच्या गावात, मग बोलू.

वखारभाग

या भांडणाला स्वतंत्र धागा आहे, तिथं दोघांनाही भरपूर पाणी मिळेल. इथं पाहुण्यांना हरिपूर दाखवायचंय.

गोदाकाठची, घाटावरून रिक्षा करून हरिपूर रोडला लागा. वाटेत बागेतला गणपती लागतो. सासूबाईंना टेकायला याच्यासारखी जागा नाही. सावली, बसायला जागा, फारशा पायऱ्या नाहीत. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या चिंचा. काही पडल्या, काही रस्त्यासाठी गेल्या, तरी उरल्यात त्यांच्याखालून जाताना ऊन लागत नाही.

हरिपुरात संगमेश्वराचं देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. इथंही घाटाच्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना वरूनच दाखवा. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते, इथं वारणेला आणि पुढं नरसोबावाडीला पंचगंगेला. म्हणजे आमच्या उरावर कोयना आणि वारणा दोघींचं पाणी, आणि पुढं पंचगंगा फुगली की तिथंही तुंबतं. भूगोल इथं उभं राहिल्यावर दोन मिनिटांत कळतो. पलीकडचं कोथळी कोल्हापूर जिल्ह्यात. पूर्वी होडीनं जायचे, आता पूल झालाय. त्या पुलावरून पात्र वरून बघता येतं.

आता पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. हरिपूरची माती चिवट, पाणी झिरपू देत नाही, म्हणून पेवं इथं झाली. दुसरीकडं असला खड्डा खणला तर पहिल्याच पावसात विहीर होईल. आत कडेनं पाला लावायचा, हळदीची पोती नाही तर मोकळी हळकुंडं भरायची, तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही म्हणजे कीड नाही. वर्षानुवर्षं माल राहायचा आणि रंग उतरायच्या ऐवजी चढायचा. भाव नसेल त्या साली शेतकरी आणि व्यापारी दोघंही हळद पेवात टाकून निवांत. बँकेत ठेव टाकावी तशी.

उघडायचा एक रिवाज होता. तोंड फोडलं की कुणी लगेच उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. ज्योत टिकली की हमाल कमरेला दोर बांधून उतरायचा. वर दोघं दोर धरून. वर बसलेल्यानं गप्पा मारायच्या नाहीत, फक्त खालच्याच्या हाकेकडं कान. मी स्वतः काठावर बसून पोती मोजलीत, खाली उतरलो नाही, धीर झाला नाही.

2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. वरून झिरपणारं पाणी या मातीनं अडवलं असतं, पण गावच पाण्याखाली गेल्यावर तोंडावरची माती किती टिकणार? हळद सडली, पेवं ढासळली. त्यानंतर व्यापार गोदामांत आणि शीतगृहांत गेला. आज हरिपुरात गेलात तर पेवांच्या जागा जाणती माणसं दाखवतील. भरलेलं, चालू पेव बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका. आणि उघडं तोंड दिसलं तर मुलाला लांब ठेवा.

हळदीचंपान

काका, एक जोड देते. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोकांना वाटतं सगळी हळद इथंच पिकते. पिकते थोडी, येते फार. दुसऱ्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटक-आंध्र-तेलंगणातूनही माल सांगलीच्या सौद्याला येतो. सांगलीचं नाव झालं ते पिकापेक्षा पेठेमुळं आणि पेठ वाढली ती साठवणीमुळं. म्हणून पेवं गेली तेव्हा जुन्या लोकांना एवढं लागलं.

ताई जानेवारीत येताय तर शेतातली हळद काढायला सुरुवात झालेली असेल. कुठं हळद शिजवण्याचं काम चालू असेल तर वासावरून कळेल. मार्केट यार्डातला सौदा रविवारी बंद, तो नाही बघायला मिळणार.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सदाफुली, तुम्ही लिहिलंय ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. समईच्या नळीवर सासूबाई बराच वेळ थांबल्या.

दोन शंका. मुलगा 'मगर दिसेल का' विचारून डोकं खातोय. आणि घाटावर पोहता येतं का? नवऱ्याला पोहायचंय.

सांगलीवाडीकर

मगर हाय, पण आमच्या घाटावर तुमच्यासाठी बसलेली नसती. औदुंबर, भिलवडी, चोपडेवाडी या पट्ट्यात नदीकाठी उन्हाला पहुडलेली दिसतीय थंडीत. थंडीतच बाहेर येऊन ऊन खाते. तिकडं गेलात तर काठापासून लांब थांबायचं, पाण्यात पाय सोडून सेल्फी अजिबात नको. चेष्टा नाही, माणसं गेलीत.

पोहायचं म्हणाल तर आमच्याकडची मंडळी रोज पहाटे पोहतात, म्हातारे सुद्धा. होड्यांच्या शर्यती पण होतात नदीत, वल्ही मारणाऱ्या पोरांचे दंड बघून घ्या. पण ते रोजचे, त्यांना पाणी माहीत हाय. बाहेरच्या माणसानं उतरू नये. दुसरं कारण म्हणजे शेरीनाला. गावाचं सांडपाणी नदीत येतंय, वर्षानुवर्षं बातम्या येतात, वर्षानुवर्षं नाला वाहतोय. काही ठिकाणी वास येईल, आधीच सांगून ठेवतो, नंतर 'कुणी सांगितलं नाही' म्हणू नका.

पाचनोव्हेंबर

सगळे पूर, हळद आणि मगर यावर बोलतायत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते कुणाच्या लक्षात आहे का?

1843 साली विष्णुदास भावे यांनी याच गावात, याच चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' रंगवलं. मराठी रंगभूमीची सुरुवात तिथून धरतात, म्हणून 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. भावे गौरव पदक अजूनही त्याच दिवशी सांगलीत देतात. आणि हरिपूर म्हणजे नुसता संगम नाही. 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव, 1855 सालचा जन्म इथला. एका बाजूला राजाश्रय आणि दुसऱ्या बाजूला भरलेली बाजारपेठ. नाटक कंपनीला जगायला या दोन गोष्टी लागतात, त्या या काठावर होत्या. पेठेत पैसा नसता तर तिकीट कुणी काढलं असतं? वखारभाग काका, हळदीचा आणि नाटकाचा संबंध तुम्ही सांगायला हवा होता.

वखारभाग

सांगितला असता, पण आमच्या पेढीवर नाटकाचा खर्च 'किरकोळ' सदरात लिहायची पद्धत होती.

भडंगशौकीन

एवढं चालल्यावर भूक लागणार, त्याचं कुणी लिहीना. कृष्णाकाठच्या वांग्यांचा सीझन असतोय. भरीत-भाकरी मिळेल तिथं बसा. हॉटेलात विचारून घ्या वांगं कुठलं, लाजू नका, इकडं विचारतात. बेदाणे घ्या, सांगलीच्या बेदाण्याला पण मानांकन हाय. भडंग कुठलं घ्यायचं ते मी लिहिणार नाही, परत मारामारी होईल. फक्त लसूण घातलेलं घ्या आणि गाडीत फोडू नका, सीटवर तिखट राहतंय.

मुलुंडचा_सांगलीकर

काठावर नवीन सुशोभीकरण झालं आहे असं ऐकतो. फरशा, दिवे, बसायला बाकं. त्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

वखारभाग

मुद्दाम लिहिलं नाही. पुरात राहील ते काठाचं, वाहून जाईल ते कंत्राटदाराचं. जुन्या घाटाचे दगड कितीदा पाण्याखाली गेले, अजून जागेवर आहेत. बाकं असावीत, म्हाताऱ्या माणसांना बसायला लागतं, त्याला माझा विरोध नाही. पण नदीच्या पात्राला काँक्रीटची भिंत घालून त्यावर झुंबरासारखे दिवे लावायचे, हे मला पटत नाही.

मुलुंडचा_सांगलीकर

काका, संध्याकाळी घरातल्या बायका-पोरांना नदीवर जाता येतं ते या दिव्यांमुळंच. आमच्या लहानपणी अंधार पडल्यावर घाटावर कोण असायचं ते आठवा.

वखारभाग

हे खरं आहे.

गोदाकाठची

परवा परत आलो. लिहितेय, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

आम्ही उजाडता गणपतीला पोचलो. काकांनी सांगितलं म्हणून जोत्याकडे बघत आत शिरले, तर पुजारी म्हणाले, 'काही पडलं का?' पेठेतली बरीच दुकानं रविवारमुळे आणि वेळेमुळे बंद होती, पण त्यामुळे पायऱ्या मात्र स्पष्ट दिसल्या. एका किराणा दुकानाची फळी निम्मी उघडी होती. मालक आतून पोटमाळ्याची शिडी दाखवत म्हणाले, 'ही 2005 नंतर केली, 2019 ला वरची पायरी भिजली, आता अजून वर न्यायला छतच नाही.' आणि हसले. मला काय बोलावं सुचलं नाही.

पुलावर धुकं इतकं की सुरुवातीला आकडे दिसेनात. थांबलो. धुकं हटलं तसे खालचे आकडे आधी दिसले आणि मग वरचे. मुलानं 57 कुठं येईल ते शोधलं, मग गावाकडे वळून कुठली खिडकी त्या पातळीत येते ते मोजत बसला. तुरुंग फोडल्याची गोष्ट त्याच्या बाबांनी सांगितली, त्यावर त्याचा प्रश्न असा की पुरात पोहायला ते कुठं शिकले. याचं उत्तर कुणाकडे असेल तर द्या.

चालणं सासूबाईंना जमलं. देवळापासून पुलापर्यंत रमतगमत आल्या, घाटावर उतरल्या नाहीत. वास आला, थोडाच. बागेतल्या गणपतीला त्यांनी तासभर ठाण मांडलं आणि शेजारी बसलेल्या आजींशी मैत्री केली. हरिपूरला पेवाची जागा एका काकांनी दाखवली. दगड लावून बुजवलेलं तोंड, भोवती गवत. दाखवताना ते काका पाय आपटून म्हणाले, 'ऐका, पोकळ वाजतंय.' मला काही ऐकू आलं नाही, मुलाला आलं म्हणे.

चुकलेली एक गोष्ट म्हणजे नाट्यगृह. बाहेरूनच बघितलं.

सांगलीवाडीकर

पोहायला कुठं शिकले म्हणजे? नदीकाठच्या पोरांना कोण शिकवतंय? पाठीला भोपळा बांधून ढकलून द्यायचे. वखारभाग काकांना विचारा.

वखारभाग

भोपळाच. वाळलेला दुध्या. नंतर पत्र्याचा डबा आला.

अक्षता_कोथरूड

धागा वाचून आम्हीही जायचं ठरवतोय, पण सुट्टी श्रावणातच मिळते. हरिपूरला श्रावणी सोमवारची यात्रा असते ना? तेव्हा हाच फेरफटका होईल का?

सदाफुली

यात्रा असते, गर्दी खूप. सोमवार टाळून गेलात तर देऊळ शांत मिळेल. घाटाच्या पायऱ्या दिसतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. निघायच्या आदल्या दिवशी आयर्विनची पातळी बघा. पातळी खाली असेल तर खुशाल या. 40 च्या जवळ जात असेल आणि वर पाऊस चालू असेल तर बेत रद्द करा, कारण तेव्हा खालच्या भागातली माणसं सामान वर चढवण्याच्या गडबडीत असतात आणि रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्यांचा त्रास होतो. पूल, देऊळ, हरिपूर कुठं जात नाही. दिवाळीनंतर या, मी घरी असते, बाबांची रेघ दाखवते.